४१ मिनिटांची वाट: दूरची नर्सरी निवडलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

मूल पहिल्यांदा नर्सरीत घालणाऱ्या पालकांसोबत बसून पर्याय तपासणं हे माझं काम आहे. हे प्रकरण त्यातलंच. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं गाळलं किंवा बदललं आहे. मुलीला इथे मनू म्हणते. वेळा आणि अंतरं आईने वहीत टिपून ठेवली होती, ती तशीच घेतली आहेत.

पार्श्वभूमी

मनू तेव्हा २ वर्षं ४ महिन्यांची होती. आई घरून अर्धवेळ काम करायची. कामाच्या वेळा तिच्या हातात होत्या, पण सलग तीन तास मिळाले तरच ते काम पुढे सरकायचं. तुकड्यातुकड्यांत होणारं ते नव्हतं. बाबा सकाळी सातला बाहेर पडत ते संध्याकाळीच परत येत. घरी गाडी नव्हती. म्हणजे ने-आण आईचीच आणि तीही पायी, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं.

घरापासून ६०० मीटरवर एक नर्सरी होती, नऊ मिनिटांच्या अंतरावर. आई दोनदा जाऊन आली. जागा स्वच्छ, आवाज चढवणारं कुणी नाही. पण एका खोलीत २२ मुलं आणि दोन ताई. दोन्ही भेटींत त्या दोघींपैकी एकीचा चेहरा वेगळा होता. दारात रडणाऱ्या एका मुलाला ताईंनी लांबूनच हाक मारली, कारण त्यांच्या मांडीवर आधीच दुसरं मूल होतं. त्यात ताईंचा दोष नव्हता. हातच कमी होते.

दुसरी नर्सरी २.६ किलोमीटरवर होती. १२ मुलं, तीन ताई, आणि त्यांतल्या दोघी तिथे कित्येक वर्षांपासून. छोटं अंगण होतं. पहिल्याच भेटीत मनूने अंगणातला एक खडा उचलून एका ताईंच्या हातात दिला. ताईंनी विचारलं, "हा कुठे ठेवू?" मनूने उत्तर दिलं नाही, तर ताईंनी तो मुठीत धरला आणि पुढची पंधरा मिनिटं त्या मुठीनेच वावरल्या. निघताना मनूने खडा परत मागितला आणि तो मिळाला. आईचं मन तिथेच ठरलं होतं. माझ्याकडे ती आली ती सल्ल्यासाठी नव्हे, हिशेबासाठी.

तिसरीही एक नर्सरी होती, उलट दिशेला १.१ किलोमीटरवर. चांगली होती, पण जागा नव्हती. प्रतीक्षा यादीत नाव घातलेलं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

आई-बाबांनी एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास रस्ता चालून पाहिला होता. बाबागाडी बाबांच्या हातात, रस्ते मोकळे, मनू खुशीत. ३४ मिनिटं लागली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "अगं, ३४ मिनिटं म्हणजे काहीच नाही. तुझं चालणंही होईल." आईलाही ते पटलं. हीच चाचणी धरून ते निर्णय घेणार होते.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की आता बुधवारी जा. नर्सरीच्या वेळेला, एकटीने, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन. आणि परतीची वेळही लिहा.

बुधवारी जाताना ४१ मिनिटं लागली. सात मिनिटं कुठून वाढली ते शोधणं महत्त्वाचं होतं. रविवारी न थांबता ओलांडलेल्या तीन चौकांत आता वाट पाहावी लागली. शिवाय जाताना चढ होता. रविवारी बाबा ढकलत होते म्हणून तो जाणवला नव्हता. डोंगर चालणाऱ्यांत स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला एक ढोबळ नियम अजून वापरतात: सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि चढणीच्या दर ६०० मीटर उंचीमागे एक तास जास्त. या वाटेवर उंची जेमतेम ४५ मीटर वाढत होती, म्हणजे नियमाने साडेचार मिनिटं. नियम मोकळ्या हाताच्या माणसाचा आहे. इथे मनूचं साडेबारा किलो वजन, नऊ किलोंची बाबागाडी आणि तीन किलोंची पिशवी, असा पंचवीसेक किलोंचा भार वर ढकलायचा होता.

खरा प्रश्न मात्र या सात मिनिटांचा नव्हता. ४१ हा आकडा एकाच फेरीचा होता. मनूच्या दिवसाला दोन फेऱ्या होत्या, आईच्या दिवसाला चार. सोडायला जायचं, घरी यायचं, आणायला जायचं, परत यायचं. आईने चारही फेऱ्या मोजल्या: मनूला घेऊन जाताना ४१, एकटीने परत ३३, आणायला जाताना ३६, आणि दमलेल्या मनूला घेऊन परत येताना ४४. बेरीज १५४ मिनिटं. दिवसाचे अडीच तास, १० किलोमीटरांहून जास्त चाल.

माणसं रोजच्या येण्याजाण्यावर सरासरी एक तासाच्या आसपास वेळ घालवतात आणि घर, काम, वाहन बदललं तरी हा आकडा फारसा हलत नाही, असं निरीक्षण इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये मांडलं. तो काही कायदा नव्हे. पण आईला तो सांगितल्यावर ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. घरून काम करणारी बाई नर्सरीपायी त्या तासाच्या अडीचपट वेळ रस्त्यावर घालवणार होती.

मग कामाच्या वेळेचा हिशेब केला. नर्सरी ९ ते १. सोडताना आत दहा मिनिटं जातात असं धरलं, तर ९:१० ला निघून ९:४३ ला घरी. आणायला १२:२४ ला निघायला हवं. मधे उरले २ तास ४१ मिनिटं. तिला सलग तीन तास हवे होते. नर्सरी ज्यासाठी हवी होती तेच त्या वाटेत संपत होतं.

मुलीच्या बाजूने

पालक बहुतेक वेळा उलटं करतात: मुलाला त्रास होईल का याचीच काळजी, स्वतःचा विचार शेवटी. इथे मुलीच्या बाजूचा हिशेब तुलनेने सोपा होता, पण तोही नीट मांडायला हवा होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलं आहे, की मुलांना बाबागाडीत, खुर्चीत किंवा पाठीवर एका वेळी एक तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. ४४ मिनिटं तासाच्या आत बसत होती. पण बाबांचं म्हणणं होतं, "तिलाही मोकळी हवा मिळेल, व्यायाम होईल." हवा मिळेल, हे खरं. व्यायाम मात्र नाही. मूल गाडीत बसून २.६ किलोमीटर गेलं तर चालणं आईचं होतं. मुलीच्या १८० मिनिटांत त्यातलं एकही जमा होत नाही.

त्या हवेचंही बघायला हवं होतं. बाबागाडीत बसलेल्या मुलाचं तोंड जमिनीपासून मीटरभरही उंच नसतं, गाड्यांच्या धुराची नळी त्याच्या आसपासच असते. चौकात थांबताना आपण नकळत बाबागाडी पुढे ठेवून उभे राहतो, म्हणजे मूल आपल्याआधी रस्त्याच्या कडेला पोचलेलं असतं, धुराच्याही जवळ आणि चाकांच्याही. आईने दोन बदल केले. चौकात गाडी दोन पावलं मागे आणि कडेपासून वळवून ठेवायची. आणि मुख्य रस्त्याचा मधला भाग सोडून आतल्या गल्लीने जायचं. त्याने २०० मीटर वाढले, पण ज्या पट्ट्यात वाहनं सर्वांत जास्त होती तो टळला. चौकांपैकी एक गळाल्यामुळे वेळ जवळपास तेवढाच राहिला.

समोरचे पर्याय

मी स्वतः सुरुवातीला जवळच्या नर्सरीकडे झुकले होते, हे इथे लिहिलंच पाहिजे. रोज वाचणारे दोन तास मला मोठे वाटत होते आणि अजूनही वाटतात. पण 'चांगली पण लांब' आणि 'बरी पण जवळ' अशी तुलना करत राहिलं तर गाडी कधीच पुढे जात नाही. म्हणून मी आईला विचारलं, लांबच्या नर्सरीतलं नेमकं काय हवंय? तिने तीन गोष्टी सांगितल्या: रोज सकाळी तोच चेहरा दारात असावा, रडलं तर कुणीतरी जवळ बसावं, आणि बाहेर खेळायला मिळावं. मग या तिन्हींतलं जवळच्या नर्सरीत काय जमेल हे थेट विचारायचं ठरलं.

तिथल्या चालकबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, की सकाळी मनूला एकच ताई घेतील याची हमी देता येणार नाही, माणसं टिकत नाहीत. बाहेर न्यायचं तर दोन्ही ताईंना सगळी मुलं एकदम न्यावी लागतात, म्हणून ते आठवड्यातून एकदाच. हे ऐकल्यावर माझा जोर कमी झाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला आईपासून दूर राहायला एका ओळखीच्या माणसाचा आधार लागतो. तोच मिळणार नसेल तर वाचलेल्या दोन तासांत आई निवांत काम करू शकणार नव्हती.

तिसऱ्या नर्सरीत जागा होईपर्यंत थांबायचं, हा पर्याय कागदावर सर्वांत चांगला दिसायचा. पण किती थांबायचं हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि आई सहा महिने रात्री काम करून थकली होती. सायकलला मुलाची सीट लावायचा विचार एका दुपारीच सोडून दिला. त्या रस्त्यावर सायकलला वेगळी जागा नव्हती.

मग एक साधी गोष्ट सुचली, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय तोच. घरी परत यायचंच कशाला? लांबच्या नर्सरीपासून ७०० मीटरवर सार्वजनिक वाचनालय होतं, अभ्यासिकेसकट, सकाळी नऊला उघडणारं. नर्सरीतून ९:१० ला निघालं की ९:२० ला बसता येईल आणि १२:५० ला उठलं की पुरे. साडेतीन तास! चाल १० किलोमीटरांवरून साडेसहावर आली, आणि चार लांब फेऱ्यांच्या दोन झाल्या. त्यासाठी आईला घर सोडून बाहेर बसायची तयारी करावी लागली. कामाच्या फोनसाठी वाचनालयाच्या अंगणात उभं राहावं लागलं. पण अंतर तेच असताना दिवस बदलला.

काय ठरलं

लांबची नर्सरी, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवड्यांच्या प्रयोगावर. तिसऱ्या नर्सरीच्या यादीतलं नाव तसंच ठेवायचं. आणि थांबायचं कधी, हे आधीच लिहून ठेवायचं. मी हे सगळ्यांना सांगते. एकदा मूल रुळलं आणि आपण त्यात कष्ट घातले, की कितीही ओढाताण होत असली तरी आपण ते ओढतच राहतो. तीन अटी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या: मनूची झोप सलग दोन आठवडे बिघडली, आईच्या कामाचे तास तीनच्या खाली गेले, किंवा कुणाच्याही शरीराची तक्रार आठवड्यापेक्षा जास्त टिकली, तर बसून पुन्हा विचार करायचा.

प्रत्यक्षात काय घडलं

पहिली चूक पहिल्याच दिवशी कळली. रुळायच्या काळात मूल एक तासच राहतं आणि आई आसपासच असते. शिवाय त्या काळात रोज यावं, असं नर्सरीचं म्हणणं होतं, आणि ते बरोबरच होतं. म्हणजे तीन दिवसांऐवजी पाच दिवस, एका तासासाठी ८५ मिनिटांची चाल. आम्ही एक आठवडा धरला होता. लागले तीन. आमच्या हिशेबात हा काळ नव्हताच.

चौथ्या आठवड्यापासून मनू १ वाजेपर्यंत राहू लागली आणि झोपेचा प्रश्न उभा राहिला. तोच सर्वांत अवघड निघाला. एकला निघालं की सव्वाच्या सुमारास ती बाबागाडीत झोपायची. पावणेदोनला घर यायचं, गाडी थांबायची आणि ती जागी व्हायची. एरवी दीड तास झोपणारं मूल अर्धा तास झोपून उठायचं आणि पुन्हा झोपायचं नाही. संध्याकाळी साडेसहाला रडून गोंधळ. एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते. मनूची अकराच्या खाली घसरली. आईने वाटेत गाणी म्हणून तिला जागं ठेवून पाहिलं. घरी पोचल्यावर दारातच गाडी हळूहळू हलवत ठेवून पाहिली. एके दिवशी ती झोप पूर्ण होईपर्यंत गल्लीतून फेऱ्या मारत राहिली, आणि त्या रात्री मला फोन करून म्हणाली, "ताई, ९ मिनिटांवर असते तर ही जागीच घरी आली असती."

ते खरं होतं. लांब अंतर हे दुपारच्या झोपेच्या नेमक्या वेळेवर येऊन पडलं होतं. वाट सकाळी ११ ला किंवा दुपारी ३ ला असती तर हा प्रश्नच आला नसता. आम्ही वेळेचे आकडे मोजले, पण ते घड्याळात कुठे बसतात हे पाहिलं नाही.

दोन आठवडे झाले होते, म्हणजे पहिली अट लागू झाली होती. ठरल्याप्रमाणे आम्ही बसलो. नर्सरीत तीन मुलं दुपारी तिथेच झोपत होती. मनू झोपेल का, हे विचारलं. ताईंनी आठवडाभर तिच्याजवळ बसून थोपटलं. पाचव्या दिवशी ती अंथरुणावर झोपली. आणायची वेळ ३ झाली. फी वाढली, पण आईचे कामाचे तास जवळपास साडेपाच झाले. संध्याकाळचा गोंधळ चार दिवसांत थांबला.

एक सुटलं आणि त्यातून दुसरं निघालं. झोप झालेली मनू तीन वाजता ताजीतवानी असायची आणि बाबागाडीत बसायला तयार नसायची. पाठ ताठ करायची. "मी चालते!" हा तिचा हट्ट नव्हता, सकाळभर झोपाळा-घसरगुंडी केलेल्या अडीच वर्षांच्या शरीराची ती मागणी होती. पण त्या वयाचं मूल मोठ्यांच्या निम्म्या वेगानेही चालत नाही, कारण दर दहा पावलांवर काहीतरी बघायचं असतं. पहिल्या दिवशी पाचशे मीटरला २५ मिनिटं लागली. आईने मग एक पट्टा ठरवून दिला. आतल्या गल्लीची भिंत सुरू झाली की उतरायचं, भिंत संपली की बसायचं. भिंत रोज तीच असल्यामुळे दुसऱ्या आठवड्यात मनू स्वतःच गाडीत चढू लागली. परतीला तास लागायचा. घरी कुणी वाट पाहत नव्हतं, म्हणून तो तास चालून गेला. आईच्या मते दिवसातला तो सर्वांत चांगला तास होता.

सातव्या आठवड्यात सकाळी साडेदहाला नर्सरीतून फोन आला, मनूला ताप आहे. वाचनालयामुळे आई दहा मिनिटांत पोचली. घरी असती तर पाऊणएक तास लागला असता. पण तिथून घरी कसं जायचं, हे ठरलेलंच नव्हतं. तापलेल्या मुलीला ४४ मिनिटं उन्हातून नेणं शक्य नव्हतं. बाबागाडीवर कापड टाकून सावली करावी, असं कुणीतरी सुचवलं. आईने ऐकलं नाही ते बरं केलं, कारण तशा कापडाने आतली हवा कोंडते आणि गरम होते. भाड्याचं वाहन मिळेपर्यंत ती मांडीवर मुलीला घेऊन २५ मिनिटं बसून होती. एक क्रमांक आधी लिहून ठेवायचा होता, एवढंच.

दहाव्या आठवड्यात आईची टाच दुखू लागली. सकाळी उठून पहिली पावलं टाकताना कळ यायची. डॉक्टरांनी टाचेखालच्या पट्ट्याला सूज आहे असं सांगितलं, चालणं कमी करा म्हणाले. यात माझीही चूक होती. दिवसभर बसून काम करणारी बाई एकदम रोज पाच-सहा किलोमीटर, तेही भार ढकलत चालायला लागली आणि पहिले तीन आठवडे तर पाचही दिवस. चालायची सवय हळूहळू वाढवायची असते, हे मला ठाऊक होतं. मी मुलीच्या रुळण्याचं वेळापत्रक काढलं. आईच्या पायांचं काढलं नाही.

ने-आण करणारी एकटी आईच, ही अडचण आता उघडी पडली. बाबांनी एक दिवस रजा घेतली, दोन दिवस उशिरा कामावर गेले. वाटेवरच राहणाऱ्या एका मुलाच्या आजींनी आपणहून विचारलं, "मी नातवाला आणतेच, हिलाही आणू का?" पण मुलाला कोण नेऊ शकेल ही यादी नर्सरीत लेखी असते, आणि त्यात आजींचं नाव नव्हतं. ते घालण्यात आणि मनूला त्यांची ओळख होण्यात चार दिवस गेले.

तिसरी अट लागू झाली होती. आम्ही बसलो, आणि नर्सरी न सोडता दिवस तीनाचे दोन केले, महिनाभर. आईला हवं होतं म्हणून मी मान डोलावली. आज मागे बघताना वाटतं, की स्वतः लिहिलेल्या अटीला आम्ही थोडी बगल दिली. टाच बरी झाली, पण तिला दोन महिने लागले.

परिणाम

साधारण पाच महिन्यांनी तिसऱ्या नर्सरीत जागा झाली. उत्तर द्यायला आठ दिवस मिळाले. मनू लांबच्या नर्सरीत आता खूश होती, ताईंच्या नावाने घरी बाहुल्यांना हाका मारायची. तिथून काढणं आईला क्रूर वाटत होतं.

निर्णय एका प्रश्नाने झाला आणि तो बाबांनी विचारला: "बाबागाडी सुटल्यावर ही वाट कशी चालायची?" मनू २ वर्षं १० महिन्यांची होती. वर्षभरात ती गाडीत बसणारच नव्हती. तिच्या वेगाने १.१ किलोमीटरला अर्धा तास लागेल आणि तो तिच्या हालचालीत मोजला जाईल. २.६ किलोमीटरला सव्वा तास लागेल आणि शेवटचा तुकडा कडेवर. आईने नव्या नर्सरीत पुन्हा जाऊन तिच्या त्याच तीन गोष्टी तपासल्या. सकाळी दारात असणाऱ्या ताई दोन वर्षांपासून त्याच होत्या. बदल केला.

लांबच्या नर्सरीत तीन दिवस आधी मनूला सांगितलं, शेवटच्या दिवशी नीट निरोप घेतला. नवीन ठिकाणी ती दोन सकाळी रडली, चौथ्या दिवसापासून नाही. पहिल्यांदा रुळायला तीन आठवडे लागले होते. लांबच्या नर्सरीतल्या चांगल्या अनुभवाचा यात वाटा असावा, असं मला वाटतं. पण वयही वाढलं होतं, त्यामुळे ठाम म्हणत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारची चाचणी करूच नये असं नाही, पण तिच्यावर निर्णय घेऊ नये. कामाच्या दिवशी, खऱ्या वेळेला, आणि शक्य झाल्यास पाऊस असताना एकदा जाऊन यावं. आम्ही पावसाची चाचणी केली नाही. बाबागाडीसोबत छत्री धरता येत नाही, हे आईला पहिल्या पावसातच कळलं. त्या दिवशी ती वाचनालयात ओल्या कपड्यांनी बसली.

परतीची वेळ मुलाच्या झोपेच्या वेळेवर येते का, हा प्रश्न मी आता सर्वांत आधी विचारते, अंतराच्याही आधी. दुसरा प्रश्न, सोडणारी व्यक्ती मधल्या वेळात कुठे असेल. घरी, कामावर, की जवळपास? यावरून फेऱ्या दोन की चार हे ठरतं. लांबच्या नर्सरीच्या वाटेवरच आईचं कार्यालय असतं, तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. नेणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव प्रवेशाच्या दिवशीच यादीत घालायला हवं होतं, गरज पडायची वाट न पाहता. आणि रुळायच्या काळात आठवड्याचे पाचही दिवस जायचं असेल तर निदान एका बाजूने वाहन करायला हवं होतं. तीन आठवड्यांचा तो खर्च टाचेच्या दोन महिन्यांपेक्षा नक्कीच कमी होता.

एका गोष्टीवर मात्र आईचं आणि माझं जुळत नाही. मला वाटतं, पाच महिने थांबून थेट तिसऱ्या नर्सरीत घातलं असतं तर सगळ्यांचे कष्ट वाचले असते. ती म्हणते, तेव्हा पाच महिने हा आकडा कुणाला माहीत होता? आणि शिवाय, भिंतीच्या बाजूने चालताना मनूने पहिल्यांदा तीन शब्दांचं वाक्य केलं होतं, ते तिच्या वहीत तारखेसह लिहिलेलं आहे. मी तिला म्हटलं, त्या वयात मुलं वाक्यं जोडतातच, कुठेही असती तरी जोडली असती. "जोडली असती," ती म्हणाली, "पण मला ऐकायला तास नसता मिळाला."

तिसऱ्या नर्सरीतून घर २० मिनिटांवर आहे. परवा भेटली तेव्हा सांगत होती, मनू रोज एक वळण जास्त घ्यायला लावते.